रंगवलेलं सेडम, बिनमुळांची कुंडी : नाशिककरांनो, पैसे देण्याआधी हे बघा

सेडम, एचेवेरिया, जेड असली मांसल झाडं (सक्युलंट) विकताना गिऱ्हाईक फसवणं सोपं जातं, आणि त्याचं कारण झाडातच आहे. मुळं नसली तरी पानांत साठवलेल्या पाण्यावर ही झाडं महिना-दीड महिना टवटवीत दिसतात. बिनमुळांचा गुलाब चार दिवसांत मान टाकतो. सेडम मरेपर्यंत टेम्पोतून झाडं विकणारा गाव बदलून गेलेला असतो. कुणी नर्सरीत जाऊन विचारलंच तर उत्तर ठरलेलं : "ताई, पाणी जास्त झालं असेल." घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण नाशिकच्या पावसाळ्यात पाणी खरंच जास्त होतं.

सध्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या हातगाड्यांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रेनबो सेडम' नावाचा माल फिरतोय. निळी, जांभळी, सोनेरी झाडं, एकाच ट्रेमध्ये. हा सरळ स्प्रेचा रंग आहे. झाड हातात घेऊन पान खालून बघा : वरून निळं, देठाजवळच्या बेचक्यात हिरवं. मधला कोवळा शेंडाही हिरवा, कारण तो रंग मारल्यानंतर फुटलेला असतो. कुंडीच्या काठावर किंवा खड्यांवर त्याच रंगाचे ठिपके सापडतात. खऱ्या एचेवेरियाच्या बऱ्याच जातींवर द्राक्षाच्या मण्यावर असते तशी पांढरट झाक असते, बोट लावलं की पुसली जाते आणि तिथे डाग राहतो. रंगवलेल्या पानावर ती नसते. तरीही शंका असेल तर सगळ्यात खालच्या पानावर सॅनिटायझरचा बोळा फिरवा. बहुतेक रंग बोळ्याला लागतो.

रंगाने पानाला उजेड मिळत नाही आणि रंध्रं बुजतात. ही झाडं रात्री रंध्रं उघडून हवा घेतात, तीच वाट बंद. मग झाड उपाशी राहतं आणि शेंडा लांबट, फिका वाढत जातो. असं झाड घरी आलंच असेल तर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने धुवू नका, पानं जळतात. नवा हिरवा शेंडा दोन-तीन सेंटीमीटर वाढू द्या, तेवढाच कापा आणि नवीन रोप करा.

मात्र रंग बदलला म्हणजे फसवणूक झाली, असं दर वेळी नसतं. जेली बीन सेडम डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पूर्ण उन्हात, टोकांना लाल होतं आणि पावसाळ्यात परत हिरवं. हा लाल रंग उन्हाच्या बाजूला जास्त असतो. चारी बाजूंनी सारखा दिसला की संशय घ्यावा.

दुसरा प्रकार जास्त पैसे खातो. मोठ्या झाडाच्या फांद्या तोडून थेट कुंडीत खोचतात, वर पांढरे खडे पसरतात आणि खडे डिंकाने चिकटवतात म्हणजे फांदी हलत नाही. आधी खडे बोटाने सरकतात का बघा. मग कुंडी कलती करून खोड तळाशी चिमटीत धरून अगदी हलकं हलवा. मुळं धरलेलं झाड मातीसकट हलतं, खोचलेलं एकटंच डुगडुगतं. बरोज टेलच्या लोंबत्या सरांना मात्र हात लावू नका, धक्क्याने पानं गळतात. तिथे कुंडीच्या भोकातून मुळं डोकावतात का ते बघायचं. चिकटवलेले खडे विक्रेत्याने काढून दाखवायला नकार दिला तर कुंडी तिथेच ठेवा.

बिनमुळांची फांदी मेलेली नसते, वाचवता येते. फांदीला लागलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) झटकून टाका. काळा पडलेला भाग स्वच्छ हिरवा छेद दिसेपर्यंत कापा, सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग तीन ते सहा मिलिमीटरचा विटांचा चुरा, अशा मिश्रणात लावा. आपली काळी माती एकटी वापरू नका, भिजली की दिवसेंदिवस सुकत नाही. पहिलं पाणी पाच-सहा दिवसांनी. मुळं धरायला दोन ते चार आठवडे लागतात. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखालीच हवी.

मुळं असली तरी एकदा कुंडी उलटी करून बघा. कित्येकदा मुळांभोवती रोपवाटिकेतला स्पंजचा किंवा जाळीचा गोळा तसाच सोडलेला असतो. बाहेरची माती सुकते, गोळा ओला राहतो आणि खोड बरोबर तिथेच कुजतं. तो कात्रीने कापून काढा.

कुंडीत उभं केलेलं होया या वेलीचं एकटं हृदयाकृती पान फेब्रुवारीत हमखास दिसतं. देठासोबत खोडाचा डोळा नसेल तर ते वर्षानुवर्षं एकच पान राहतं. 'थंड प्रदेशातलं दुर्मिळ' म्हणून विकली जाणारी सेम्परव्हायव्हम खरी असतात, पण नाशिकच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, आणि विक्रेता हे सांगत नाही. बियांबद्दल एवढंच की सेडमचं बी धुळीसारखं बारीक असतं. 'निळं सक्युलंट, 100 बिया' लिहिलेल्या पाकिटात मोहरीएवढे दाणे निघाले तर ते दुसऱ्याच कशाचं तरी बी आहे.

ऑनलाइन घेताना पार्सल उघडण्याचा सलग व्हिडिओ काढा, त्यात मुळं दिसली पाहिजेत. यूपीआयवर आगाऊ पैसे घेऊन पेज गायब झालं तर लगेच 1930 वर कळवा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. माल वेगळा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. "त्याच ट्रेमधलं दुसरं देतो" हा तोडगा मान्य करण्याआधी पानांच्या बेचक्यात कापसासारखी दिसणारी मिलीबग कीड आहे का ते तपासा.