गावठी गुलाब (एडवर्ड): लातूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात अंगणातले कलमी गुलाब काढून तिथे एडवर्डच्या काड्या लावल्या. आपल्याकडे बहुतेक जण यालाच गावठी किंवा देशी गुलाब म्हणतात. पाऊस, थंडी आणि लातूरचं ऊन, तिन्ही बघून झाल्यावरच लिहितेय.

आधी वास. पहाटे उमललेलं फूल नाकाशी धरलं की गुलाबपाण्यासारखा गोड वास येतो आणि त्यामागून किंचित मसाल्याचा. सकाळी अंगण झाडताना तो फाटकापर्यंत जाणवतो. दहा वाजता ऊन चढलं की पाकळ्या मलूल होतात, दुपारी नुसता हात लागला तरी गळतात. फुलदाणीसाठी हे झाड घेऊच नका. फुलाची मानही खाली झुकते. पण देवाला, गुलकंदाला याच्यासारखं दुसरं नाही. पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनाने थरावर थर लावून बरणी उन्हात ठेवली. बाजारच्या गुलकंदात असा वास मला कधीच मिळाला नाही.

हा गुण कुठून आला ते वाचलं आणि झाड आणखीच आवडायला लागलं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं जुनं नाव बूर्बों. तिथे शेताच्या कुंपणाला दमास्क (अत्तराचा सुवासिक गुलाब) आणि चिनी असे दोन्ही गुलाब लावायचे. त्यांचा आपोआप संकर होऊन हे झाड उगवलं. १८२० च्या आसपास त्याचं बी पॅरिसला गेलं आणि बूर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. वास दमास्कचा, आणि पुन्हापुन्हा फुलण्याची सवय मुख्यतः चिनी गुलाबाची. युरोपातले त्याआधीचे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच बहरायचे. पुढे १८६७ मध्ये फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' आला, पहिला हायब्रीड टी (आजच्या मोठ्या फुलांच्या कलमी गुलाबांचा गट) म्हणून तो ओळखला जातो, आणि मग हळूहळू सगळा भर टोकदार कळी, लांब दांडा आणि टिकाऊपणावर गेला. वास मागे पडला. फुलवाल्याकडचा डच गुलाब हुंगून बघा, लगेच कळेल.

आता आपल्या मातीचं. जमीन काळी, चुनखडीची, वर बोअरचं जड पाणी. कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हा चिलेटेड लोह (चुनखडीच्या जमिनीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) दिलं आणि रंग परतला. २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे झाड किती पाणी मागतं हे आधी बघावं लागतं. बुडाशी पाचटाचं जाड आच्छादन ठेवलं, मे महिन्यात एक दिवसाआड पाणी दिलं, झाड तगलं. फुलं मात्र बारीक आणि मोजकीच आली. खरा बहर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, थंडीत. काडीवर वाढलेलं असल्यामुळे खालून रानफुटवा येऊन कलम दबण्याची भानगड नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्रास आहेतच. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, उन्हाळ्यात फुलकिडे कळ्या खरवडतात. निंबोळी अर्काने फुलकिडे आटोक्यात आले, ठिपक्यांची पानं वेचून जाळावी लागली. काटे दाट आहेत, जाण्यायेण्याच्या वाटेवर लावू नका. झाड पसरतं, कुंडीत कोंडलं तर खुलत नाही.

रोप घेताना एक बघा. काही ठिकाणी हेच झाड 'दमास्क' म्हणून जादा पैशाला देतात. कनौजच्या अत्तराचा खरा दमास्क मुख्यतः वसंतातच बहरतो. दिवाळीच्या सुमारास फुलांनी लदलेलं रोप दमास्क म्हणून दाखवलं तर तो बहुधा एडवर्ड असतो. वाईट नाही, फक्त एडवर्डच्या भावात घ्या. आणि रोपवाटिकेत सकाळीच जा, दुपारी वासाची पारख होत नाही.