बेबी कॅरिअर: बापाच्या खांद्याला बसतो का?

आधी सोसायटीतल्या काकूंना उत्तर देतो, हो, बाळाची आई ऑफिसला गेलीये, आणि नाही, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आता रिव्ह्यू.

कॅरिअर चांगलाय, कमरेचा पट्टा रुंद आहे त्यामुळे सगळं वजन खांद्यावर न येता कमरेवर बसतं, बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर राहतात, नुसते पाय लोंबकळत नाहीत, स्वस्तातल्यांमध्ये हाच प्रॉब्लेम असतो. पण बॉक्सवर फोटो फक्त आईचा आणि मापंही तशीच, पट्टे पूर्ण सैल केले तरी माझ्या काखेत काचतात. अरे बाप पण उचलतो ना पोराला! पाठीमागचं बकल एकट्याने लावणं म्हणजे कसरत.

बाळ मान धरायला लागल्यावरच वापरा. तोवर बापाची रजा कधीच संपलेली असते म्हणा, केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस, खाजगीत तर कायदाच नाही, सगळं एचआरच्या मर्जीवर, आणि आईला मात्र २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, म्हणजे बाळ कुणी बघायचं ते ठरवूनच टाकलंय की.

भाजी आणायला बेस्ट, दोन्ही हात मोकळे. भाजीवाल्या मावशी कोथिंबीर फुकट देतात, वर 'किती गुणाचा बाई हा', बायकोला असं कुणी कधी म्हणालं नाही.

मशीनमध्ये धुता येतो. बकल काढताना मात्र खट्टकन आवाज होतो आणि झोपलेलं कार्टं उठतं. पाचपैकी साडेतीन.