माऊसची बटणं उलटी पडली तर: एक्सइनपुट, इनपुट-रीमॅपर की एचडब्ल्यूडीबी?

लिनक्सवर कधी ब्राउझरमध्ये माऊसचं ‘मागे’चं बटण दाबल्यावर पान पुढे जातं, किंवा अंगठ्याखालचं बटण नको तेव्हा दाबलं जातं. अशा वेळी कुठलाही उपाय निवडण्याआधी टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून इव्हीटेस्ट, म्हणजे बटणाचा प्रत्येक दाब ओळीच्या रूपात दाखवणारी आज्ञा, चालवा, यादीतून माऊस निवडा आणि ते बटण एकदाच दाबा. एकही ओळ उमटली नाही तर दोष बहुधा बटणाच्या स्विचमध्ये किंवा माऊसच्या आतल्या मेमरीतल्या प्रोफाइलमध्ये असतो. एका दाबाला दोन दाब-सोड नोंदले जात असतील तर स्विच बहुधा झिजला आहे, मॅपिंग (कुठलं बटण काय करेल याची जुळणी) बदलून काही हाती लागणार नाही. ‘डिव्हाइस ग्रॅब्ड’ असा इशारा आला तर दुसरा एखादा रीमॅपर (बटणांची कामं बदलणारा प्रोग्राम) आधीच त्या माऊसवर बसलेला आहे, तो आधी थांबवा. ओळ नीट येते पण कोड नको तो येतो, किंवा कोड बरोबर आहे पण तुम्हाला वेगळं काम हवं आहे, अशा दोनच परिस्थितींत पुढची निवड करायची.

एक्सइनपुट ही आज्ञा सगळ्यांत झटपट. तिच्या सेट-बटण-मॅप पर्यायाला १ ते ७ आहेत तसे ठेवून शेवटी ८ ९ ऐवजी ९ ८ दिलं की बाजूची दोन बटणं अदलाबदल होतात. ४ ते ७ हे आकडे स्क्रोलचे आहेत, त्यांना हात लावू नका. नको असलेल्या बटणाच्या जागी ० लिहा. पण केबल काढून परत लावली, ब्लूटूथ तुटून जुळलं किंवा लॅपटॉप झोपेतून उठला आणि माऊस नव्याने ओळखला गेला, की हे मॅपिंग पुसलं जातं. एक्सइनपुट माऊसला देतो तो आयडीचा आकडाही बदलू शकतो, त्यामुळे आकडा घातलेली स्क्रिप्ट भलत्याच उपकरणावर चालते. एक्सऑर्गच्या (एक्स११ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये बटणमॅपिंग लिहिलं तर ते टिकतं, हे मान्य. मात्र दोन्ही मार्ग एक्स११ पुरतेच, म्हणजे लिनक्सच्या जुन्या पडदा-व्यवस्थेपुरते. वेलँड या नव्या व्यवस्थेवर एक्सइनपुटच्या यादीत एक्सवेलँडची (वेलँडवर जुने ॲप चालवणाऱ्या थराची) आभासी उपकरणं दिसतात, खरा माऊस नाही. उबुंटू २५.१० पासून ग्नोम डेस्कटॉपचं एक्स११ सत्रच मिळत नाही, तेव्हा नव्या मशीनवर हा मार्ग धरण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

इनपुट-रीमॅपर हा प्रोग्राम एक्स११ आणि वेलँड दोन्हीकडे चालतो. बटण निवडा, त्यापुढे हवी ती कळ किंवा मॅक्रो (लागोपाठ कळांची मालिका) लिहा, ऑटोलोड (आपोआप लागू होणं) चालू करा, झालं. एका बटणावर कंट्रोल-सी किंवा लागोपाठ चार कळा हव्या असतील तर हाच घ्या. तो खरा माऊस स्वतःच्या ताब्यात घेतो आणि डेस्कटॉपला त्याच्या जागी एक आभासी माऊस दाखवतो. त्यामुळे केडीई डेस्कटॉपमध्ये त्या माऊसपुरता ठेवलेला वेग किंवा स्क्रोलची दिशा नव्या नावाच्या उपकरणाला लागू होत नाही, ती पुन्हा ठेवावी लागते. शिवाय त्याची पार्श्वभूमीतली सेवा सतत चालू असावी लागते. ती थांबली की बटणं पूर्ववत.

नुसतं एका बटणाचं काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर माझा कल एचडब्ल्यूडीबीकडे, म्हणजे लिनक्सच्या हार्डवेअर-नियमांच्या यादीकडे आहे, आणि कारण तेच एक्सइनपुटचं मॅपिंग पुसलं जाणं. इथे नियम यूडेव्हकडे, म्हणजे जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या लिनक्सच्या भागाकडे असतो. माऊस जितक्या वेळा जोडला जाईल तितक्या वेळा तो आपोआप लागतो, लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. पार्श्वभूमीत काही चालत नाही, एक्स११ की वेलँड याने फरक पडत नाही.

इटीसीमधल्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी.डी फोल्डरमध्ये एक फाइल करा, तिचं एक्स्टेन्शन एचडब्ल्यूडीबी हवं. पहिल्या ओळीत ‘इव्हडेव्ह:इनपुट:’ नंतर बस (जोडणीचा प्रकार), व्हेंडर (कंपनीचा क्रमांक), प्रॉडक्ट (मॉडेलचा क्रमांक) आणि शेवटी तारांकन. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. इव्हीटेस्ट व्हेंडर ४६डी असा छोट्या अक्षरात आणि पुढचं शून्य गाळून दाखवतं, फाइलमध्ये मात्र ०४६डी असे चार अंक आणि कॅपिटल अक्षरच लागतं. बस यूएसबीसाठी ०००३, ब्लूटूथसाठी ०००५. एकच माऊस दोन्हींनी वापरत असाल तर दोन नोंदी करा. दुसरी ओळ एका स्पेसने सुरू झाली पाहिजे. तिच्यात कीबोर्ड_की_ पुढे इव्हीटेस्टच्या एमएससी_स्कॅन ओळीतला आकडा जोडा, चौथ्या बटणाला तो बहुधा ९०००४ असतो. मग बरोबरचं चिन्ह आणि बीटीएन_एक्स्ट्रा. तिसऱ्या ओळीत तसंच ९०००५ ला बीटीएन_साइड. बरोबरच्या चिन्हानंतरची ही नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा. बटण बंदच करायचं असेल तर त्या जागी ‘रिझर्व्ह्ड’. नंतर सुडोने सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि यूडेव्हएडीएम ट्रिगर चालवा. यूडेव्हएडीएम इन्फोमध्ये तुमची ओळ दिसली नाही तर पहिल्या ओळीतले अंक पुन्हा तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडावी.

मर्यादा आहेतच. मॅक्रो नाही, ॲपनुसार वेगळं काम नाही, आणि एकाच मॉडेलचे दोन माऊस असतील तर दोन्ही बदलतील. फक्त डावं-उजवं उलटायचं असेल तर यातलं काहीच नको, सेटिंग्जमधला डावखुऱ्यांचा पर्याय पुरतो. तो चालू असताना एचडब्ल्यूडीबीमध्येही तीच अदलाबदल केली तर दोन्ही एकमेकांना रद्द करतात आणि काहीच बदललं नाही असं वाटतं.

चौथा पर्याय असलेल्या पायपर या प्रोग्रामचा विचार गेमिंग माऊस असेल तरच करा. तो बदल थेट माऊसच्या मेमरीत लिहितो, म्हणून तोच माऊस दुसऱ्या संगणकाला लावला तरी मॅपिंग सोबत जातं. पण पायपर ज्याच्या आधाराने चालतो त्या रॅटबॅगच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर पायपर त्याला ओळखणारच नाही.

एचडब्ल्यूडीबीचा बदल नको झाला तर फाइल काढा, अपडेट पुन्हा चालवा आणि माऊस एकदा काढून लावा. नुसत्या ट्रिगरने जुनं मॅपिंग जात नाही, ते माऊस सुटेपर्यंत कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) राहतं.