२०१२ चं क्रेडिट कार्ड: बंद करावं की ठेवावं, माझा सोलापूरचा अनुभव

मागच्या महिन्यात बँकेचा मेसेज आला की तुमच्या कार्डाची मुदत संपत आलीय, नवीन कार्ड पाठवतोय, आणि त्याच स्टेटमेंटमध्ये अॅन्युअल फी ७५० अधिक जीएसटी असे ८८५ रुपये लागलेले. बायको हिशेबाची वही घेऊन समोरच बसली होती, म्हणाली, "अहो, दर वर्षी हे पैसे देतोय कशासाठी? पंधरवड्यातून एकदा पेट्रोल भरता त्याच्यावर." खरं सांगायचं तर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. हे माझं पहिलं कार्ड, २०१२ साली नोकरीला लागल्यावर मिळालेलं, सुरवातीला लिमिट पस्तीस हजार होतं, आता एक लाख वीस हजार. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या मते बऱ्याच बँकांच्या जुन्या कार्डांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच असते, नाव बघून मत बनवण्यापेक्षा हिशेब बघा.

आधी सांगतो या कार्डानं मला काय दिलं, म्हणजे नुसता आकस ठेवून लिहितोय असं वाटायला नको. २०१४ साली वडलांच्या छातीत दुखायला लागलं, रात्रीचे साडेदहा अकरा झालेले, हॉस्पिटलनं चाळीस हजार डिपॉझिट भरा म्हणून सांगितलं. तेव्हा यूपीआय नव्हतं, एटीएममधून एका दिवसात एवढे निघत नव्हते, आणि नातेवाईकांना त्या वेळी उठवायचं कसं. कार्ड घासलं, पावती आली, वडील आत गेले. ती पावती मी अजून ठेवलीय. लिमिट पस्तीसचं पन्नास झालं होतं म्हणून ते झालं, नाहीतर अवघड होतं.

पण पुढचे तीन महिने काय झालं तेही सांगतो. पूर्ण बिल भरायला पैसे नव्हते म्हणून मिनिमम ड्यू भरत गेलो, म्हणजे बिलाच्या पाच टक्के. मला वाटलं बँकेनंच कमीत कमी एवढे भरा म्हणून लिहिलंय म्हणजे ते चालतं. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला बेचाळीस टक्के, पहिल्याच महिन्यात चौदाशेच्या वर व्याज लागलं, शिवाय त्याच्यावर टॅक्स. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागची बाकी राहिली की नवीन खरेदीला जे बिनव्याजी पंचेचाळीस पन्नास दिवस मिळतात ते मिळतच नाहीत, घरात आणलेल्या साबणावर सुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. शेवटी ताईनं पैसे दिले तेव्हा सुटलो. त्या दिवसापासून पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावलंय आणि आजपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही. कार्ड चांगलं की वाईट यापेक्षा तुम्ही पूर्ण बिल भरता की नाही हे आधी बघा, पूर्ण भरणं जमत नसेल तर कुठलंच कार्ड परवडत नाही, नवं पण नाही आणि जुनं पण नाही.

असो, आता हिशेब. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळं आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. रविवारी बारा महिन्यांची स्टेटमेंट काढून बसलो. वर्षाचा कार्डावरचा खर्च एक लाख आठ हजार. एक लाखाच्या वर खर्च झाला की फी माफ असं कार्डाच्या कागदात लिहिलंय, मग फी का लागली? तर त्यातले चौदा हजार पेट्रोलचे, आणि पेट्रोल त्या एक लाखात धरत नाहीत. म्हणजे धरलेला खर्च ९४ हजार, सहा हजार कमी पडले, आणि ८८५ रुपये गेले. ही अट बारीक अक्षरात आहे, मी तेरा वर्षं वाचली नव्हती. तुमच्या कार्डात पण पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, ईएमआय यातलं काय धरतात आणि काय नाही हे एकदा नीट वाचून घ्या.

मग रिवॉर्ड पॉइंट. दीडशे रुपयांना एक पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत वीस पैसे. दीडशेच्या आतले सुटे रुपये सोडून दिले जातात, त्यामुळं वर्षभरात जेमतेम सहाशे पॉइंट जमले, म्हणजे १२० रुपये. ते वापरायला गेलो तर रिडेम्प्शन फी ९९ अधिक जीएसटी, ११६ रुपये ८२ पैसे. हातात उरले तीन रुपये अठरा पैसे. वर्षभर एक लाखाचा खर्च करून तीन रुपये. बायकोला दाखवलं, तिनं वहीत तसंच लिहून ठेवलं.

पेट्रोलवर एक टक्का सरचार्ज परत मिळतो म्हणतात, चौदा हजारावर झाले एकशे चाळीस, पण नीट बघितलं तर तो सरचार्ज कार्डानं भरतो म्हणूनच लागतो, होटगी रोडच्या पंपावर यूपीआयनं भरले की तो लागतच नाही. म्हणजे बँक आपलेच पैसे आपल्याला परत देतीय, आणि त्याच्यावरचा जीएसटी परत येत नाही तो वेगळाच.

एवढं झाल्यावर रागानं बंदच करणार होतो. ताईला फोन केला, ती पुण्याला एका फायनान्स कंपनीत आहे, तिनं तिचं एक कार्ड मागच्या वर्षी बंद केलंय. ती म्हणाली, "अरे थांब, तू जुळे सोलापूरच्या फ्लॅटसाठी लोन काढणार आहेस ना, मग आत्ता बंद करू नकोस, आधी टक्केवारी बघ." टक्केवारी म्हणजे काय तर सगळ्या कार्डांचं मिळून जेवढं लिमिट आहे त्यातलं तुम्ही किती वापरता. माझ्याकडं पगाराच्या बँकेचं दुसरं एक कार्ड आहे साठ हजार लिमिटचं, फी नसलेलं. दोन्हीचं मिळून लिमिट एक लाख ऐंशी हजार. महिन्याला दोन्हीवर मिळून तीस हजार धरले (सणाच्या महिन्यात, नाहीतर एवढे होत नाहीत) तर सतरा टक्क्याच्या आत. जुनं बंद केलं की साठ हजारात तीस हजार, म्हणजे सरळ पन्नास टक्के. तीस टक्क्याच्या वर गेलं की क्रेडिट स्कोअरवर, म्हणजे लोन देताना बँका बघतात त्या मार्कांवर, परिणाम होतो असं साधारण धरतात. खर्च तेवढाच, पगार तेवढाच, नुसतं एक कार्ड बंद केल्यामुळं मी कागदावर जास्त उधारीत दिसणार.

आणि दुसरं म्हणजे वय. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या सगळ्या लोन आणि कार्डांची नोंद) सगळ्यात जुनं खातं हेच, २०१२ पासून वेळेवर भरलेलं. बंद केलं म्हणून तो इतिहास लगेच पुसला जात नाही, बंद खातं पण रिपोर्टमध्ये बरीच वर्षं दिसतं, त्यामुळं लोक जेवढी भीती घालतात तेवढं काही नाही. पण लोन काढायच्या तोंडावर आपण होऊन हात घालायची पण गरज नाही. रिपोर्ट काढून बघायचा असेल तर पैसे देऊ नका, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. स्कोअर तीनशे ते नऊशेमध्ये असतो.

मग ठरवलं की कार्ड ठेवायचं पण फी भरायची नाही. इथून खरी सर्व्हिसची परीक्षा सुरू झाली.

कस्टमर केअरला फोन केला, फी सुटावी म्हणून बंद करायचंय असं सांगितलं, लगेच दुसऱ्या विभागाला जोडला आणि त्या मुलानं मोठं प्रीमियम कार्ड सांगायला सुरवात केली, एअरपोर्ट लाउंज, गोल्फ, फी तीन हजाराच्या घरात. मी त्याला चांगल्या शब्दात म्हणालो की दादा, मी सोलापूरला राहतो, मुंबईला गेलो तर वंदे भारतनं नाहीतर सिद्धेश्वरनं जातो, लाउंजमध्ये बसायला मी आधी विमानात बसायला पाहिजे. आमच्या होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली हे खरं आणि त्याचा आनंद पण आहे, पण वर्षातून एखादवेळी जाण्यासाठी तीन हजार कोण भरेल. तो "सर अपग्रेड करून ठेवतो" म्हणायला लागला तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणालो. हे पण लक्षात ठेवा, तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला कार्ड अपग्रेड करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत. फोनवर "हो, हो" म्हणताना जपून.

मग दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. डेस्कवरची बाई स्वभावानं चांगली होती पण तिला फक्त नवीन फॉर्म भरून घेणं माहीत. मी विचारलं की याच खात्यावर बिनफीचं कार्ड मिळेल का, आणि मुदत संपून नवीन येतंच आहे तर रुपे नेटवर्कचं (व्हिसा, मास्टरकार्डसारखंच, पण आपलं भारतीय) मिळेल का. ती म्हणाली तसं होत नाही सर. मी मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचं मार्च २०२४ चं परिपत्रक उघडून दाखवलं, त्यात कार्डाचं नेटवर्क निवडायचा पर्याय द्यायला सांगितलाय, जुन्या ग्राहकांना पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी. तिनं ते शांतपणे वाचलं, मॅनेजरना दाखवलं, आणि म्हणाली मेल करा, वरून होईल. याबद्दल तिला पैकीच्या पैकी मार्क, वाद घातला नाही.

मेलमध्ये तीनच गोष्टी लिहिल्या: फी नसलेला प्रकार पाहिजे, रुपे पाहिजे, आणि खातं उघडल्याची तारीख २०१२ तीच राहणार का ते लेखी कळवा. पहिलं उत्तर छापील आलं, "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" वगैरे. तेच मेल परत तक्रार विभागाला पाठवलं. नवव्या दिवशी हो आलं, तिन्हीला, आणि लागलेले ८८५ पण परत केले. कार्ड घरी आलं. रिपोर्ट नंतर काढून बघितला, तारीख २०१२ च आहे. ही लेखी मागणी विसरू नका, काही ठिकाणी जुनं बंद करून नवीन खातं उघडतात आणि आपल्याला वाटतं नुसतं प्लास्टिक बदललं.

आता वापराचं सांगतो, कारण रुपे का मागितलं हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. आमचा महिन्याचा खरा खर्च कार्डावर नव्हताच, तो क्यूआर कोडवर होता. किराणा, औषधं, पोरांच्या वह्या, टिळक चौकात कपडे, सगळीकडं स्कॅनर, कार्ड घासायचं मशीन मोजक्याच दुकानात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय अॅपला जोडता येतं, २०२२ पासून ही सोय आहे, त्यामुळं तोच स्कॅनर, पिन तेवढा कार्डासाठी वेगळा लावायचा, पण पैसे सेव्हिंगमधून न जाता कार्डाच्या बिलात जातात. नव्या पेठेतल्या किराणा दुकानात पहिल्यांदा चाललं, मेडिकलमध्ये चाललं. पण शेंगा चटणी घेतो तिथं नाही चाललं, कारण त्या मावशींचा कोड त्यांच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचा आहे, आणि क्रेडिट कार्ड फक्त व्यापारी कोडला चालतं, माणसाकडून माणसाला पैसे पाठवायला चालत नाही. भाजीबाजारात पण निम्म्या ठिकाणी तसंच. तिथं रोख किंवा नेहमीचं यूपीआय.

एक धोका मात्र मनापासून सांगतो. सेव्हिंगमधून पैसे गेले की शिल्लक दिसते आणि हात आपोआप आखडतो, कार्डावर स्कॅन केलं की तसं काही वाटत नाही. पहिल्याच महिन्यात आमचं बिल चार हजारानं जास्त आलं आणि शोधून पण सापडेना नक्की कशात गेले. आता बायको दर रविवारी अॅप उघडून वहीत बेरीज लिहिते, आणि अॅपमध्ये रोजची मर्यादा आम्ही कमी करून ठेवलीय.

ज्यांना बंदच करायचंय त्यांच्यासाठी ताईचा अनुभव. तिचं कार्ड दोनच वर्षं जुनं, फी जास्त आणि तिच्याकडं दुसरी दोन जुनी कार्डं, त्यामुळं बंद करणंच बरोबर होतं. तिनं आधी पॉइंट संपवले, कार्डावर लावलेली मोबाईल आणि ओटीटीची ऑटो पेमेंटं काढली, बाकी शून्य केली आणि मग अर्ज दिला. बँकेनं सात कामाच्या दिवसात बंद करायला पाहिजे, बाकी काही नसताना उशीर केला तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायला लागतात. तिच्या बँकेनं नुसते "थांबा, ऑफर देतो" असे फोन केले, दिवस उलटून गेले, तिनं नियमाचा उल्लेख करून मेल टाकला तेव्हा कार्ड बंद झालं आणि उशिराच्या दिवसांचे पैसे पण खात्यात आले. नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं, पत्र मागून घ्या, आणि कार्ड नुसतं कपाटात टाकून फी चुकवता येईल असं समजू नका, वापरलं नाही तरी फी लागत राहते.

स्टार द्यायचे तर या कार्डाला जुन्या रूपात पाचपैकी दोन, तेही त्या रात्रीचे. बदलून मिळालेल्या रूपात चार, एक कापला तो पहिल्या छापील उत्तरासाठी. होम लोनची फाईल पुढच्या महिन्यात जाणार आहे, तोपर्यंत दुसऱ्या कुठल्याच कार्डाचा फॉर्म भरत नाहीये, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते. गड्ड्याच्या यात्रेत (आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत) कुणी स्टॉलवर बोलावलं तरी नाही.