प्रोजेक्टलिबर की ओपनप्रोजेक्ट?
प्रकल्पाचे वेळापत्रक आखण्यासाठी ओपन सोर्स साधन शोधताना ही दोन नावे हमखास समोर येतात, मात्र त्यांचा पिंड वेगळा आहे. ओपनप्रोज या जुन्या सॉफ्टवेअरमधून फुटून २०१२ मध्ये आलेले, जावावर चालणारे प्रोजेक्टलिबर आपल्याच संगणकावर बसवता येते, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइली उघडते आणि कामांचे परस्परावलंबन व कालावधी यांवरून क्रिटिकल पाथ (प्रकल्पाचा एकूण कालावधी ठरवणारी कामांची साखळी) काढून देते, त्यामुळे एकट्या नियोजकाला ते पुरते. तीच फाइल अनेकांच्या हाती गेली, की आवृत्त्यांचा गोंधळ ठरलेलाच. ओपनप्रोजेक्ट ब्राउझरमध्ये चालते आणि गँट आराखडा (कामे वेळेनुसार आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता), चर्चा व वेळेच्या नोंदी सर्वांना एकत्र दाखवते. परंतु स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे, तर डेटाबेस व बॅकअप सांभाळणारा माणूस हवा, शिवाय काही सुविधा सशुल्क आवृत्तीतच मिळतात. असा माणूस नसेल, तर माझे मत प्रोजेक्टलिबरलाच.