काटा ९०वर, इंजिन १०४वर : वॉटर पंप बदलल्यानंतरचे दहा महिने

गाडी २००५ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे घोड्यांची. सेकंडहँड आणली तेव्हा वडील म्हणाले, सोलापुरात हिला पळवणार कुठे? म्हटलं, तुळजापूर रोड आहे की. आणि गेल्या मेमध्ये तिथेच, घाट चढताना, कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, लाल दिवा लागला, त्याच्या टाकीतून वाफ यायला लागली. टेंपरेचरचा काटा मात्र ९०वर निवांत.

टपरीवरचा पोरगा पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि थेट टाकीच्या झाकणालाच हात घालायला निघाला. मी ओरडलोच. निम्मं पाणी, निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली १२५च्या आसपास तग धरतं. दाब गेला की सगळं एकदम उसळतं ते तोंडावरच. पाऊण तास थांबलो, दोन चहा झाले.

मग गॅरेजच्या वाऱ्या. एकाने रेडिएटर धुऊन दिला, झाकण बदललं. दुसरा म्हणाला, "अण्णा, वॉल काढून टाकू. सोलापुरात त्याचं काय काम? हे काय काश्मीर हाय का?" वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काढला. त्यानंतर पावसाळी सकाळी हायवेला इंजिन ७०च्या वर जाईना, अॅव्हरेज दोनने पडलं, आणि घाटात तापायची ती तापतच राहिली. तिसऱ्याने तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलं म्हणून इंजिन उघडायची तयारी केली. त्याला म्हटलं, आधी निळ्या पाण्याची टेस्ट कर. कूलंटच्या टाकीत इंजिनचा धूर येत असेल तर ते पाणी पिवळं पडतं. पडलं नाही. इंजिन वाचलं.

तेव्हा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, गाडीच्या सॉकेटला लावला की इंजिनचे खरे आकडे मोबाइलवर दाखवणारा, आणि काट्याची लबाडी कळली. स्कॅनर १०४ दाखवतोय, काटा ९०वरच! ड्रायव्हर घाबरू नये म्हणून मधला मोठा पट्टा तो एकाच जागी उभा राहून काढतो. काट्यावर विसंबून मी दोन वर्षं गाडी चालवली.

आकडे बघत हिंडलो तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सात रस्ता चौकाच्या गर्दीत एसी लावून उभी केली तरी ठीक. म्हणजे फॅन चांगला. वेग आणि चढ आला की चढायची, म्हणजे पाणी फिरत नाही. शेवटची खूण हीटरने दिली, कारण तो इंजिनच्या गरम कूलंटवरच चालतो. स्कॅनरवर १०० दिसत असताना हीटर पूर्ण सोडला, तर वारा कोमट.

कूलंट फिरवणारा वॉटर पंप उतरवला. बाहेरून ठणठणीत, गळती नाही, आवाज नाही. मिस्त्रीने शाफ्ट चिमटीत धरून आतला प्लॅस्टिकचा पंखा बोटाने ढकलला, तर तो भिंगरीसारखा एकटाच फिरला. मध्यभागी चिरला होता. थंड असताना शाफ्टला धरायचा, तापला की सोडायचा.

जुलैमध्ये धातूच्या पंख्याचा पंप, ८७ अंशांना उघडायला लागणारा थर्मोस्टॅट (हो, परत बसवला), टायमिंग बेल्ट, टेन्शनर, सगळं एकदम केलं, कारण पंपापर्यंत पोचायला बेल्ट उतरवावाच लागतो. १८ हजार गेले. कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच घातलं. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो तो पाहिलेला माणूस रेडिएटरमध्ये ते ओतणार नाही.

दहा महिने झाले, नऊ हजार किलोमीटर. हिवाळ्यात ८८ ते ९१, अॅव्हरेज परत जागेवर. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत १०१पर्यंत गेली, फॅनचा दुसरा वेग लागला, ९५ला उतरली. परवा भर दुपारी, ४२ अंशांत, एसी लावून तोच घाट चढलो : ९७.

तक्रारी दोन. स्कॅनर सॉकेटमध्ये विसरला की चार दिवसांत बॅटरी बसते, एकदा ढकलस्टार्ट झालं. आणि कूलंट महिन्याला बोटभर कमी होतं. हेडच्या मागच्या प्लॅस्टिक फ्लँजपाशी (कूलंटच्या पाइपच्या जोडापाशी) गुलाबी डाग दिसतोय. फ्लँज पुण्याहून मागवलाय, अजून आला नाही.