मत दिल्यानंतर प्रस्तावच बदलतो: सामूहिक निर्णयाचं अ‍ॅप काही महिने वापरल्यानंतर

आमचा स्वयंसेवकांचा गट ठिकठिकाणी पांगलेला, एकत्र बसून काही ठरवणं होत नाही, म्हणून चर्चा आणि मतदान एकाच जागी होईल असं एक टूल पैसे भरून घेतलं. नाव घेत नाही. प्रस्ताव, कमेंट, रिमाइंडर वगैरे सगळीकडे असतं तसंच आहे, त्यात जात नाही.

सुरुवातीला मी स्वतःच लोकांना घ्या म्हणून सांगत होतो, कारण मत देताना खाली कारण लिहायची चौकट येते आणि चॅटवर नुसते अंगठे टाकून मोकळे होणारे लोक इथे दोन ओळी का होईना लिहायला लागले, विरोध असणारेसुद्धा.

मग निधीचा प्रस्ताव आला. मूळ वाक्य होतं "शिल्लक रक्कम पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी." बहुतेकांनी होकार दिला. मतदान चालू असतानाच प्रस्ताव मांडणाऱ्याने पुढे जोडलं, "गरज पडल्यास समितीने ती वापरावी." हेतू वाईट नव्हता, कमेंटमध्ये कोणीतरी सुचवलं होतं म्हणून जोडलं. पण आधीची सगळी मतं तशीच नव्या वाक्याखाली! ना नोटिफिकेशन, ना परत विचारणं. समितीच्या हातात पैसे द्यायला जिचा कायम विरोध असतो तिचं नाव होकाराच्या यादीत. सही घेऊन झाल्यावर वरचा मजकूर बदलावा तसला प्रकार.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की एडिट हिस्टरी दिसते. दिसते, तीन टिंबांच्या मेनूत, आणि तिथे फक्त तारीख, काय बदललं ते नाही. परत लिहिलं तर म्हणे मजकूर लॉक करायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. म्हणजे मताला अर्थ राहावा यासाठी जास्तीचे पैसे? ही मूलभूत गोष्ट आहे, फुकटच्या प्लॅनमध्येही असायला हवी.

आणि हे काही नव्याने शोधायचं नाहीये. स्वित्झर्लंडमध्ये १८९१ पासून लोक सह्या गोळा करून घटनेत एखादा बदल सुचवू शकतात, आता १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात, आणि सह्या सुरू झाल्या की मजकुराला हात लावता येत नाही. संसदेला पटलं नाही तर ती आपला वेगळा प्रस्ताव शेजारी ठेवू शकते, १९८७ पासून दोन्हींना हो म्हणता येतं, दोन्ही पास झाले तर कुठला घ्यायचा हे तिसऱ्या प्रश्नावर ठरतं. दुरुस्ती हवी तर शेजारी मांडा, खालून घुसवू नका. जर्मनीच्या पायरेट पार्टी या राजकीय पक्षाने वापरलेल्या लिक्विडफीडबॅक या ऑनलाइन चर्चा-मतदानाच्या सॉफ्टवेअरमध्येही चर्चेनंतर मसुदा गोठवायचा टप्पा येतो आणि मतदान त्याच्यानंतर.

मध्यंतरी Polis (तैवानमध्ये २०१५ ला उबरच्या नियमांवर लोकांची मतं घेतली ते टूल) लावून बघितलं. रिप्लायचं बटणच नाही, सहमत, असहमत किंवा पास, बस. पहिले काही दिवस फार चीड आली, उत्तर द्यायचंच नाही तर चर्चा कसली? आता मत बदललंय. रिप्लाय नाही म्हटल्यावर भांडण लांबत नाही, मुद्दा खोडायचा तर स्वतःचं वेगळं विधान टाकावं लागतं, ते इतरांसमोर मतासाठी जातं, आणि आधीच्या विधानाला पडलेली मतं त्याच विधानाची राहतात. मला हवं होतं ते हेच. फक्त ते सूर ओळखायला चांगलं आहे, शेवटचा हो-नाही निर्णय त्यात होत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

जुन्या टूलची वर्गणी रिन्यू करणार नाही. सध्या पास झालेले निर्णय एक्स्पोर्ट करून घेतोय, त्यातही फक्त शेवटचा मजकूर येतो, म्हणून कोणी कुठल्या वाक्याला हो म्हटलं हे ज्याला त्याला विचारून हाताने लिहावं लागतंय. कुठलंही टूल ट्रायलवर घेतलंत तर आधी खोटा प्रस्ताव टाका, दुसऱ्या अकाउंटवरून मत द्या, मग मजकूर बदला आणि त्या मताचं काय होतं ते बघा. तसंच राहिलं तर कार्ड नंबर टाकू नका.